‘कम्युनिकेशन वीक आहे’ म्हणजे नेमके काय?

खाजगी क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना एक शेरा तोंडपाठ असतो. ‘काम चांगलं आहे, पण कम्युनिकेशन वीक आहे.’ मुलाखतीत नाकारताना हाच शेरा, बढती अडवताना हाच शेरा, क्लायंटसमोर दुसऱ्याला उभे करताना हाच शेरा. या शेऱ्याला पुरावा लागत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. मशीन बंद पडले तर लॉगबुकात वेळ लिहावी लागते. माल रिजेक्ट झाला तर नग मोजावे लागतात. कम्युनिकेशन मात्र कोणी मोजत नाही. ते साहेबांना फक्त ‘जाणवते’.

मी गेली सतरा वर्षे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम करतो. परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, मग शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, नोकरी करता करता डिग्री पूर्ण केली. आई-वडील शेतमजूर. आमच्या पिढीने एबीसीडी पाचवीत पाहिली. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात 2000 साली आला, तोवर आम्ही शाळेबाहेर पडत होतो. त्यामुळे हा शेरा माझ्याही वाट्याला आला, एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षे. त्यावर मी जे केले आणि आता रविवारी विहारात मुलांना जे सांगतो, ते इथे मांडतो आहे. पण आधी हा शेरा उघडून पाहू.

पाच वेळा ‘का’

आमच्या धंद्यात ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट लिहावा लागतो. आठ पायऱ्यांचा अहवाल. त्यातली चौथी पायरी मूळ कारणाची. तिथे ‘ऑपरेटरची चूक’ असे लिहिले तर ग्राहक रिपोर्ट परत पाठवतो. तो विचारतो, ऑपरेटर का चुकला? प्रशिक्षण का नव्हते? फिक्श्चर असे का होते की भाग उलटा बसू शकला? पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय मूळ कारण सापडत नाही, असा या कामाचा नियम आहे.

तोच नियम या शेऱ्याला लावून पाहा.

कम्युनिकेशन वीक का? कारण तो मीटिंगमध्ये बोलत नाही. का बोलत नाही? कारण त्याला मीटिंगला बोलावतच नाहीत, त्याचा अहवाल दुसराच कोणीतरी मांडतो. का? कारण क्लायंटसमोर ‘प्रेझेंटेबल’ माणूस हवा असतो. प्रेझेंटेबल म्हणजे काय? इंग्रजी शाळेतला उच्चार, साहेबांच्या विनोदावर वेळेवर हसणे, सुट्टीत कुठे गेलो होतो हे सांगता येणे. हे सगळे त्याच्याकडे का नाही? कारण त्याच्या आजोबांना शाळेत बाहेर बसवले होते.

पाचव्या ‘का’ला आपण जातीपाशी पोचतो. ज्या घरात तीन-चार पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्या घरातल्या मुलाला ती भाषा कष्टाने मिळवावी लागत नाही. वाड्यासारखी, जमिनीसारखी ती वारशाने मिळते. वारशाने मिळालेल्या जमिनीला कोणी गुणवत्ता म्हणत नाही, वारशाने मिळालेल्या भाषेला मात्र म्हणतात.

ही नुसती आपली भावना नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढची हाक येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावापेक्षा कमी निघाली. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच, नुसत्या कागदावर. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकऱ्या देणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की हे लोक गुणवत्तेची भाषा बोलतात आणि त्याच दमात उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानतात. पार्श्वभूमी हा शब्द तुम्हीही मुलाखतीत ऐकला असेल. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न क्वालिटी इंजिनिअरला कशासाठी विचारतात, याचे उत्तर मला सतरा वर्षांत कोणी दिलेले नाही.

मग इंग्रजी शिकायची कशाला?

इथे काही मित्र म्हणतात, एवढे सगळे जातीचेच आहे तर इंग्रजी सुधारून काय होणार? हा प्रश्न खोडून काढण्यासारखा नाही, त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

बाबासाहेबांपेक्षा चांगली इंग्रजी त्या काळात किती जणांची होती? तरी 1917 साली बडोद्यात शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत आणि राहायला जागा मिळत नव्हती. मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर जात कळताच गिऱ्हाईक थांबले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तेव्हा इंग्रजी आली की जात जाते, हे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण बाबासाहेबांनी त्या इंग्रजीचे पुढे काय केले, तेही पाहा. 1919 मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. 1928 मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदने सादर केली. 1930 पासून गोलमेज परिषदेत उभे राहिले. शेवटी देशाच्या संविधानाचा मसुदा. ही सगळी कामकाजाची इंग्रजी आहे. साक्ष, निवेदन, मसुदा, दुरुस्ती, आकडेवारी, कलमे. आज कंपन्यांमध्ये जिला ‘बिझनेस इंग्लिश’ म्हणतात तीही दुसरे काही नाही. मागणी काय, आधार काय, कोणी करायचे, कधीपर्यंत करायचे, एवढे स्पष्ट लिहिणारी आणि बोलणारी भाषा.

आपल्या परंपरेत हे बाबासाहेबांच्याही आधीपासून आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती मराठीत, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली. कारण जाब विचारायचा होता तो सत्तेला, आणि सत्तेला मराठी वाचायची गरज नव्हती. 1882 साली हंटर आयोगाला त्यांनी इंग्रजीत निवेदन दिले आणि सरकारचा शिक्षणावरचा पैसा कोणाच्या खिशातून येतो व कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हे रोखठोक मांडले. सावित्रीबाईंच्या 1854 सालच्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन करणाऱ्या कविता आहेत. म्हणजे इंग्रजी ही आपल्यासाठी फॅशन कधीच नव्हती. ज्या दारातून आपल्याला आत घेत नव्हते, त्या दारावर थाप मारायची ती भाषा होती.

आणि त्याच बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढला तो मराठीत, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ काढला तोही मराठीत. सत्तेशी बोलायचे तर सत्तेच्या भाषेत, आपल्या माणसांशी बोलायचे तर आपल्या भाषेत. दोन्ही हातांत दोन भाषा. ‘मराठी वाचवा’ म्हणून आपल्याला इंग्रजीपासून दूर ठेवणारे आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालणारे पुढारी भेटले, तर त्यांना एवढाच इतिहास सांगा.

भीक मागणारी इंग्रजी

आता आपल्याला शाळेत कोणती इंग्रजी शिकवली ते आठवा. रजेचा अर्ज. ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट...’ शेवटी ‘आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड’ आणि खाली ‘युवर्स ओबीडियंटली’. पाच गुणांसाठी आपण हे घोकले. याचा मराठीत अर्थ काय? मी भीक मागून सांगतो की मला ताप आला आहे. आपण उपकृत होऊ. आपला आज्ञाधारक.

ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना येसकर म्हणून दारोदार भाकरी मागायला लावली आणि ज्यांनी बाबासाहेबांच्या एका हाकेवर ती बंद केली, त्या समाजाच्या पोरांनी ईमेलमध्ये ‘आय बेग’ लिहावे? मी विहारात मुलांना पहिली गोष्ट हीच सांगतो. तुमच्या इंग्रजीत व्याकरणाच्या चुका असतील तर असू द्या, त्या सुधारतील. आधी त्यातली भीक काढा.

आमच्याकडे येणारी एक मुलगी भोसरीत एका वाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात आहे. एका ग्राहकाकडे तीन बिले थकली होती. तिचा मेल असा होता, ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम टू इन्फॉर्म यू दॅट सम पेमेंट इज पेंडिंग. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लीएस्ट अँड ऑब्लाइज.’ चार वेळा पाठवला, उत्तर नाही. उत्तर येणार कसे? किती पैसे, कोणते बिल, कोणती तारीख, यातले काहीच त्यात नाही. ‘नीडफुल’ म्हणजे काय करायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि तो अर्थातच काही न करायचे ठरवतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून तो मेल पुन्हा लिहिला. विषयाच्या ओळीत बिलांचे क्रमांक आणि एकूण रक्कम. पहिले वाक्य, ‘थ्री इन्व्हॉइसेस आर ओव्हरड्यू.’ खाली तीन ओळींत तीन बिले, प्रत्येकाची तारीख आणि रक्कम. शेवटी, ‘प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट बाय फ्रायडे.’ खाली तिचे पूर्ण नाव, पद आणि फोन. एकही अवघड शब्द नाही. दहावीतल्या इंग्रजीत बसेल असा मेल. पण तो मागणारा मेल नाही, विचारणारा मेल आहे. उत्तर त्याच आठवड्यात आले. पैसे यायला महिना लागला, तो भाग वेगळा, पण त्या दिवसापासून तिच्या मेलला उत्तर न देणे लोकांना जड जाऊ लागले.

आदर दाखवायला ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ पुरेसे असते. त्याहून जास्त वाकायची गरज नसते.

माझा तीन वर्षांचा शेरा

मला पहिल्यांदा तो शेरा मिळाला तेव्हा मी साहेबांना विचारले, ‘सर, एखादं उदाहरण द्याल का?’ ते म्हणाले, ‘अरे, ओव्हरऑल.’ दुसऱ्या वर्षी पुन्हा ओव्हरऑल. त्या वर्षी माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या मुलाला सिनिअर केले. त्याचे बरेच एट-डी मी लिहून देत होतो. तो ते मीटिंगमध्ये वाचून दाखवत असे, आणि इतिवृत्तात नाव त्याचे जात असे.

त्याच सुमारास जर्मनीतल्या ग्राहकाचे ऑडिटर आले. दोन दिवस ते आमच्या लाईनवर होते. मी पहिल्यांदाच परदेशी माणसाशी समोरासमोर इंग्रजीत बोलत होतो. आणि तिथे एक गोष्ट स्वच्छ दिसली. त्या माणसाची स्वतःची इंग्रजी शिकलेली होती, जन्मजात नव्हती. तो लहान वाक्ये बोलायचा. मध्ये थांबून शब्द शोधायचा आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटत नव्हती. आमच्या मॅनेजरांच्या भरधाव इंग्रजीला तो दोनदा ‘सॉरी, अगेन प्लीज’ म्हणाला. मी गेज दाखवून सांगितले, ‘वी चेक फाइव्ह पीसेस एव्हरी टू अवर्स. हिअर इज द रेकॉर्ड.’ त्याने मान हलवली आणि लिहून घेतले. माझी शाळा कोणती, हे त्याने विचारले नाही. उच्चाराची ही सगळी दहशत बाहेरून आलेली नाही, ती इथली आहे. जर्मन, जपानी, कोरियन ग्राहकाला तुमचा ॲक्सेंट नको असतो, त्याला तारीख आणि आकडा हवा असतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, प्रत्येक मीटिंग संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांना मेल. काय ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत. पाच-सहा ओळी. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते, पण कोणी थांबवूही शकले नाही, कारण ते कंपनीच्या फायद्याचेच होते. आणि ज्याच्या मेलवर मीटिंगचा निर्णय नोंदला जातो, त्याचे काम दुसऱ्याच्या नावावर चढवणे अवघड होते. दोन, मी केलेल्या प्रत्येक एट-डीची यादी ठेवली. तक्रार क्रमांक, बंद केल्याची तारीख, रिजेक्शन आधी किती, नंतर किती.

तिसऱ्या वर्षी तोच शेरा आला तेव्हा मी अप्रेझलच्या फॉर्मवर सही करण्याआधी एक पानाचे उत्तर जोडले. वर्षभरात बंद केलेल्या तक्रारी, ऑडिटमधली निरीक्षणे, पाठवलेल्या मीटिंग नोंदींची संख्या. शेवटी एकच वाक्य, ‘प्लीज शेअर स्पेसिफिक इन्स्टन्सेस व्हेअर माय कम्युनिकेशन अफेक्टेड द वर्क.’ माझ्या कम्युनिकेशनमुळे काम नेमके कुठे अडले, ते दाखवा. उत्तर आले नाही. त्या वर्षीची ग्रेडही बदलली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पुढच्या वर्षी तो शेरा लिहिण्याची हिंमत कोणाला झाली नाही, आणि बढतीच्या यादीत माझे नाव आले. पुढे मी ती कंपनी सोडली, तेव्हा नव्या मुलाखतीत माझ्या हातात तीच यादी होती.

कामकाजाच्या इंग्रजीचा खरा उपयोग मला तिथे कळला. आपल्या श्रमावर आपले नाव राहील याची लेखी नोंद करता येणे, हा तो उपयोग. ज्यांचे श्रम पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले, त्यांच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

काय करायचे, ते थेट सांगतो

पहिले, ‘पंचेचाळीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असल्या क्लासमध्ये पैसे घालू नका. तिथे तुम्हाला सेल्फ इंट्रोडक्शन पाठ करून घेतात आणि हॉबी काय ते सांगायला लावतात. कंपनीत तुमची हॉबी कोणी विचारत नाही.

दुसरे, शिकायचे साहित्य तुमच्या कामातच आहे. तुमच्या खात्यात आलेले चांगले मेल, ग्राहकाची पत्रे, तपासणीचे अहवाल वाचा आणि उपयोगी वाक्ये एका वहीत उतरवा. दिवसाला दोन वाक्ये लिहिली तरी वर्षाची सातशे होतात. कोणत्याही एका खात्याचे कामकाज एवढ्या वाक्यांत आरामात चालते. कंपनीची गोपनीय माहिती मात्र घरी आणू नका. वाक्याची रचना घ्या, नावे आणि आकडे सोडून द्या.

तिसरे, मीटिंगसाठी चार वाक्ये अशी पाठ करा की झोपेतही म्हणता येतील. समजले नाही तर, ‘कुड यू रिपीट द लास्ट पॉइंट?’ मध्येच तोडले तर, ‘प्लीज लेट मी फिनिश.’ पटले नाही तर, ‘आय सी इट डिफरंटली, अँड हिअर इज व्हाय.’ उत्तर माहीत नसेल तर, ‘आय विल चेक अँड कन्फर्म बाय फोर ओ’क्लॉक.’ न समजता ‘येस सर’ म्हणण्याची सवय आपल्याला शिकवली गेली आहे. ती मोडायला ही चार वाक्ये लागतात. आणखी एक. प्रश्न असेल तर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नका. परदेशी माणसाला वाटते तुम्ही त्याच्यावर शंका घेताय. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

चौथे, अप्रेझलमध्ये ‘हार्डवर्किंग’, ‘सिन्सिअर’, ‘ओबीडियंट’ हे शब्द स्वतःबद्दल लिहू नका. ही गड्याची प्रशस्ती झाली, इंजिनिअरची किंवा अकाउंटंटची नव्हे. काय केले आणि त्याने किती फरक पडला, हे लिहा. आणि ‘वी’च्या जागी ‘आय’ लिहायला शिका. आपण ‘आम्ही केलं’ म्हणणारी माणसे आहोत, ते चांगलेच आहे. पण जिथे काम तुमचे आहे तिथे कागदावर ‘आय’च हवा. नाहीतर ते ‘वी’ वरच्याच्या खात्यात जाते.

पाचवे, बाबासाहेब मूळ इंग्रजीतून वाचा. महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणांचे खंड प्रकाशित केले आहेत. सुरुवात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’पासून करा. छोटे आहे, वाक्ये साधी आहेत, आणि त्यात बडोद्याचा तो अनुभव त्यांच्याच शब्दांत आहे. मराठी अनुवाद शेजारी ठेवा. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, आणि तोच मजकूर आपल्या इंग्रजीत लिहायचा. एवढ्या मोठ्या अपमानाबद्दल ते किती थंडपणे, एकही विशेषण न वाढवता लिहितात ते पाहा. तक्रार कशी लिहावी याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मोबाईलवर आता भाषांतर होते, मसुदाही तयार मिळतो. जरूर वापरा. पण आधी स्वतः लिहा, मग मशीनकडून तपासून घ्या आणि काय बदलले ते वहीत टिपा. मीटिंगमध्ये साहेब तुमच्याकडे वळून ‘व्हॉट डू यू थिंक?’ विचारतात तेव्हा तोंड तुमचेच उघडावे लागते.

एकट्याने वर जाणे म्हणजे वर जाणे नव्हे

आता शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा मुद्दा. आपल्यातले काही जण ही इंग्रजी शिकतात, बढती घेतात, वाकडला फ्लॅट घेतात आणि दारावरच्या पाटीवरून आडनाव काढून टाकतात. ऑफिसात आरक्षणाविरुद्ध विनोद झाला की तेही हसतात. 1956 साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती अशांसाठीच होती. इंग्रजीने करिअर वाढते हे खरे. पण ते एका घराचेच वाढले, तर जातीची व्यवस्था त्याला खुशाल एक खुर्ची देते आणि बाकी रांग तशीच ठेवते.

सरकारी नोकऱ्या कंत्राटी होत चालल्या आहेत आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी आपण सोडता कामा नये. भाषा सुधारणे हा त्या लढ्याला पर्याय नाही. पण ती मागणी मान्य होईपर्यंत दरवर्षी हजारो मुले त्या मुलाखतीच्या खोलीत एकटी शिरणार आहेत. त्यांना एकटे सोडायचे का? आणि जे आधीच आत आहेत, त्यांच्याशी भेदभाव झाला तर लेखी तक्रार कोण लिहिणार? घटना, तारीख, साक्षीदार, मागणी, हे चार भाग ज्याला इंग्रजीत मांडता येतात, त्याची तक्रार दाबणे कठीण जाते.

म्हणून माझे नोकरीतल्या बंधू-भगिनींना आवाहन आहे. प्रत्येक वस्तीत विहार आहे. वंदनेनंतर रविवारी दोन तास काढा. फळा, खडू आणि दहा मुले, एवढेच लागते. पहिल्या तासात प्रत्येकाने आठवड्यात लिहिलेला एक मेल फळ्यावर लिहायचा आणि सगळ्यांनी मिळून सुधारायचा. दुसऱ्या तासात खोटी मीटिंग. एक जण क्लायंट, एक मॅनेजर, आणि एक जण मुद्दाम मध्ये तोडणारा. आमच्याकडे या तिसऱ्या भूमिकेसाठी चढाओढ असते, कारण त्या माणसाची सगळ्यांनाच चांगली ओळख आहे! तिथे कोणी कोणाच्या उच्चाराला हसायचे नाही, एवढा एकच नियम ठेवा. जो पुढे जाईल त्याने पुढच्या वर्षी शिकवायला उभे राहायचे. समाजाची परतफेड वर्गणीची पावती फाडून संपत नाही. तुम्हाला जे कोणी शिकवले नव्हते, ते तुम्ही दुसऱ्याला शिकवणे हीसुद्धा परतफेड आहे.

आणि तरुण मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी म्हणाले की तुमचे कम्युनिकेशन वीक आहे, तर गप्प बसू नका, रडू नका, रागाने राजीनामाही देऊ नका. शांतपणे, लेखी, इंग्रजीत उदाहरण मागा. नेमके उदाहरण मिळाले तर ते सुधारा, त्यात कमीपणा नाही. उदाहरण मिळाले नाही, तर तो शेरा कशाचा होता हे त्यांनाही कळेल आणि तुम्हालाही. आणि तसा तो मेल जपून ठेवा.

जय भीम! जय सावित्री!